कडेपर्यंत आलेला मासा

पार्सिपनी, न्यू जर्सी
६ मे २००७

देवदत्त,

तुझा ई-मेल मिळाला. पाच मुद्दे, प्रत्येकाला नंबर. चोवीस वर्षांच्या संसारानंतर तू बायकोला प्रोजेक्टचा स्टेटस रिपोर्ट पाठवतोस. उत्तर मुद्दाम हाताने लिहितेय. ई-मेलला तू दोन मिनिटांत 'नोटेड' म्हणून मोकळा होशील. पत्राला पुण्यात पोचायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस तरी माझं म्हणणं तुला खोडता येणार नाही.

मुद्दा एक. दिवाळीपर्यंत मी कायमचं पुण्याला यावं, नाहीतर जूनमध्ये तू ग्रीन कार्ड टिकवायला आठ दिवस इथे पाय लावायला येशील तेव्हा घटस्फोटाच्या संमतीच्या कागदांवर सही करावी. दोन्हीला नाही. मी येणार नाही आणि सहीही करणार नाही. तिसरं काही सुचलं तर कळव.

मुद्दा दोन. 'तुझी नोकरी काय, तशी इथेही मिळेल.' मिळेल की. पण तशी म्हणजे कशी, हे तुला माहीत आहे का? सहा वर्षं मी तुझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली होते. एम.एस्सी. होऊन अपार्टमेंटच्या खिडकीत बसायचे. कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते, समोरची बाई कुत्र्याला कधी बाहेर नेते, सगळं तोंडपाठ. मग कार्ड आलं, अडतिसाव्या वर्षी मी परीक्षा दिल्या आणि हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. पहिल्या दिवशी माझ्या नावाचा बॅज गळ्यात घालून मी बाथरूममध्ये जाऊन आरशात पाहिलं होतं. तुला सांगितलं नाही. तू हसला असतास असं नाही, पण 'गुड' म्हणाला असतास.

मुद्दा तीन. 'बोट विकून टाक, उगाच गंजतेय.' ॲल्युमिनियम गंजत नाही, इंजिनियर. आणि बोट ड्राइव्हवेमध्ये नाहीच आहे. दर शनिवारी सकाळी ती लेक हॉपॅटकाँगवर असते. मीही असते.

वाचलंस ते बरोबर आहे. मागच्या ऑक्टोबरात, शाळेला सुट्टी असताना तिथल्या पार्किंग लॉटमध्ये, व्हॅनच्या मागे ट्रेलर लावून मी उलटं घ्यायला शिकले. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे. पहिल्या दिवशी ट्रेलर व्हॅनला काटकोनात येऊन उभा राहिला आणि मी आत बसून रडले. तिसऱ्या रविवारी दोन पिवळ्या रेघांच्या मधोमध घातला.

तुझी वही मला गॅरेजमध्ये सापडली. २००२ ते २००४, तीन उन्हाळे. तारीख, पाण्याचं तापमान, आभाळ, कुठलं खोटं आमिष (तुझ्या भाषेत लुअर), आणि शेवटी निकाल. एकेचाळीस वेळा मस्की तुझ्या लुअरच्या मागे बोटीपर्यंत आला. एकेचाळीस वेळा तू लिहिलंस : 'मागे आला. वळला.' आणि कारणाच्या रकान्यात : 'बोट दिसली.' चार फुटी मासा, बदकाच्या चोचीसारखं तोंड, दातांच्या रांगा, हाताच्या अंतरावर येऊन बघतो आणि जातो. तीन वर्षं तू घरी येऊन म्हणायचास, 'भूक नसते गं त्यांना. नुसते बघायला येतात.' मी पोळ्या लाटत हो म्हणायचे.

आता ते मागे येणं मी स्वतः पाहिलंय. नुसतं बघायला कोणी इतकं लांब येत नाही.

मुद्दा चार रुचाबद्दल होता. ती टेक्सासात अर्विंगला मजेत आहे, बावीस वर्षांची आहे, तिला मध्ये घालू नकोस. परवा फोनवर तिने विचारलं, "आई, आर यू गाइज डन, ऑर व्हॉट?" मी म्हटलं, जेवलीस का?

मुद्दा पाच, 'तिथे तुझं आहे कोण?', याला उत्तर देत नाही.

अहिल्या


२० मे २००७

देवदत्त,

मागचं पत्र तुला आत्ताच कुठे मिळालं असेल. पण हे लिहायला हवं, नाहीतर मला हसताना बघून लॅबमधले लोक विचारतील.

बोट उतरवायच्या उतारापाशी जिवंत आमिषाचं आणि कॉफीचं दुकान आहे, त्यातली मार्ज आठवते? एकाहत्तर वर्षांची, पूर्वी शाळेची बस चालवायची, अजून सगळ्यांशी बसमधल्या पोरांशी बोलावं तसं बोलते. ती धक्क्यावर खुर्ची टाकून माझ्याकडे बघत होती. माझ्या लुअरमागे एक मस्की आला. तुझंच काळं लुअर, हरणाच्या शेपटीच्या केसांचं, पुढे दोन पितळी पाती. लांबून ती पाती दिसली, मग त्यांच्यामागे एक सावली, आणि सावलीला डोळे. मी काय केलं असेल? तू करायचास तेच. मासा घाबरू नये म्हणून लुअर पटकन पाण्याबाहेर उचललं. तो थांबला, आणि खाली गेला.

"एली!" मार्ज ओरडली. (अहिल्या तिला जमत नाही.) "अगदी नवऱ्यासारखं करतेस बघ. तीन वर्षं पाहिलंय मी त्याला."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"त्याने विचारलं कुठे?"

मी विचारलं. ती कुरकुरत बोटीत उतरली, गुडघे धरून बसली आणि तिने दाखवलं. मासा मागे आला की थांबायचं नाही आणि उचलायचं तर मुळीच नाही. दोरी हातभर राहिली की काठीचं टोक पाण्यात घालायचं आणि बोटीच्या कडेला, पाण्याखाली, इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचा. मोठा, रुंद, वळणावर थोडा खोल, आणि वळून बाहेर येताना वेग वाढवायचा. रिळावर अंगठा ठेवायचा, कारण पकडला तर तो आधी ओढणार.

"आणि मासा दिसत नसेल तर?"

"तरी काढायचा. प्रत्येक वेळी. तू त्याला बघत नाहीस म्हणजे तो तुला बघत नाही, असं थोडंच आहे."

पुढच्याच तासात एक आला. हातभर दोरी, काठीचं टोक पाण्यात, मार्ज म्हणतेय "एट! एट! एट!" आणि माझ्या हाताने, देवदत्त, काढला तो पहिलीतल्या पाटीवरचा आठ. वरून तिरकी आलेली, पोटात वळून उजवीकडे संपलेली रेघ. जिथे ती रेघ संपते तिथे लुअर थांबलं. मासाही थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तो निघून गेला.

"हे काय होतं?" मार्जने विचारलं.

"एट."

"कुठल्या देशातला?"

ओल्या बोटाने मी बाकावर आपला आठ काढून दाखवला. तिने मान तिरकी करून बघितला. "दिसायला छान आहे. पण हा कुठेच परत येत नाही."

दिवसभर लॅबमध्ये मी इंग्रजीतले शेकडो आठ लिहिते. पण घाबरल्यावर हात पाटीकडे जातो. आता रोज संध्याकाळी टबमध्ये पाणी भरून लाटण्याने सराव करते. हसू नकोस.

मार्जने विचारलं, नवरा दिसत नाही हल्ली? मी म्हटलं, प्रोजेक्टवर गेलाय. लॅबमध्येही मी हेच सांगितलंय. वर्ष होत आलं आता त्या प्रोजेक्टला.

अहिल्या


२ जून २००७

देवदत्त,

आठवड्याने तू इथे येशील. म्हणजे हे पत्र तुझ्या बाणेरच्या पेटीत पडेल तेव्हा तू न्यू जर्सीत असशील, आणि परत गेल्यावर वाचशील. तेच बरं. हे तुझ्यासमोर मला बोलता येणार नाही.

तुझ्या मित्राचा, गुरुदत्तचा फोन आला होता. बिचारा ऑकवर्ड झाला होता. "वहिनी, तो आयसेलिनला माझ्याकडे उतरतोय. मी म्हटलं त्याला, यार, स्वतःचं घर असताना? तर म्हणाला, तसंच ठरलंय." मी म्हटलं, ठरलं असेल. दीपाला म्हणावं, त्याला रात्री भात लागतो.

आता खरं सांगते.

आपली माणसं निघतो म्हणाल्यापासून गाडीत बसेपर्यंत पाऊण तास जातो. सोफ्यावर बसून ट्रॅफिक आणि ग्रीन कार्ड. खरं बोलतात ते दारात, बूट घातल्यावर. गुरुदत्तने बायपास करायचीय हे आपल्या दारात, एक बूट पायात आणि एक हातात धरून सांगितलं. दीपाने दिवस गेल्याचं गाडीची किल्ली फिरवत सांगितलं. आणि तू. त्र्याऐंशी साली नागपूरला मला बघायला आलास, दोन तास पोह्यांच्या बशीत बघत बसलास. माझ्या बाबांनी विचारलं, काही विचारायचंय का, तर मान हलवलीस. निघालात. दारात चपला घातल्यास आणि अचानक म्हणालास, "तुम्हाला पोहता येतं का?"

मी म्हटलं, "हो. तलावात, भावांबरोबर शिकले."

"मला नाही येत," तू म्हणालास. तुझी आई जिन्यावरून हाका मारत होती आणि तू मला सांगत होतास की तुला पाण्याची भीती वाटते. त्या वाक्यासाठी मी तुला होकार दिला. बाकी दोन तासांसाठी नाही.

मागच्या वर्षी अठरा जूनला टॅक्सी ड्राइव्हवेमध्ये होती. बॅगा आत गेल्या. तुझ्या पायात बूट होते. तू परत दारात आलास आणि म्हणालास, "वरच्या बाथरूमचा पंखा आवाज करतोय." मी म्हटलं, "हं." मग तू म्हणालास, "फर्नेसचा फिल्टर नोव्हेंबरात बदल." मी म्हटलं, "हं." मग तू उभाच राहिलास. खिशात हात घातलास, बाहेर काढलास.

मी म्हटलं, "टॅक्सीवाला थांबलाय. निघ."

वर्षभर मी सगळ्यांना सांगतेय, तू गेलास. गेलास, ते खरं. पण तू दारापर्यंत परत आला होतास, आणि मला ते दिसलं होतं. मला राग होता. वाटलं, याला अजून काही म्हणायचं असेल तर म्हणेल तोच. मी का हलू? मी गप्प उभी राहिले, आणि मग पटकन लुअर उचललं.

याचा अर्थ मी पुण्याला यायला हवं होतं, असा नाही. अजिबात नाही. तू मला न विचारता तिकडची पोस्ट घेतलीस आणि मग जेवताना सांगितलंस, ती चूक तुझी आहे आणि तुझीच राहील. माझी चूक एवढीच, दारातली. ती मी मान्य करते. पुन्हा करणार नाही.

अहिल्या


२४ जून २००७

देवदत्त,

दोन जूनचं पत्र आता वाचलं असशील. त्यामुळे तू घरी आलास त्या शनिवारी मी तशी का वागले तेही कळलं असेल.

काल गुरुदत्त म्हणाला की तू त्यांच्याकडे सगळ्यांना ही गोष्ट सांगितलीस, आणि तुझ्या गोष्टीत मासा 'योगायोगाने' लागला. म्हणून माझी बाजू लिहून ठेवते. तू तिथे होतास, पण तू इंजिनियर आहेस. तू तापमान बघत होतास.

तू पारदर्शक फोल्डर घेऊन आलास. कागद दिसत होते, सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. चहा घेतलास. पुण्यातल्या ट्रॅफिकबद्दल बोललास. फोल्डर टेबलावर ठेवलास, माझ्याकडे सरकवलास, आणि मी तो तसाच परत सरकवला. तू म्हणालास, "ठीक आहे. विचार कर. चल, निघतो."

बूट घातलेस. दारात उभा राहिलास. वर बघून म्हणालास, "पंखा बदललास वाटतं."

"मी स्वतः बदलला," मी म्हटलं. आणि थांबले नाही. "बोट पाण्यात घालायला आज माझ्याकडे दुसरा माणूस नाही. मार्जचा गुडघा सुजलाय. येतोस?"

"आत्ता?"

"बूट घातलेच आहेस."

तू लाइफ जॅकेटचे तिन्ही पट्टे दोनदा तपासलेस. मी ट्रेलर उतारावरून उलटा पाण्यात नेला तेव्हा तू बाजूला उभा राहून "लेफ्ट! लेफ्ट!" ओरडत होतास आणि मी मुद्दाम उजवीकडे स्टिअरिंग वळवत होते. ट्रेलर सरळ गेला. तू काहीच बोलला नाहीस. तुझ्या बाबतीत ती दाद असते.

अकरा वाजेपर्यंत काही नाही. मी फेकत होते, ओढत होते, आणि प्रत्येक वेळी शेवटी कडेला आठ काढत होते. तू म्हणालास, "तिथे काही नाहीये, अहिल्या. रिकाम्या पाण्यात काय काढतेस?"

"तुला काय त्रास होतोय?"

"एफिशियंट नाही ते."

"एकेचाळीस," मी म्हटलं.

मग तो आला. शेवाळाच्या कडेने, पात्यांच्या मागे. तू आधी पाहिलास हे मान्य. तू उठून उभा राहिलास, तुला पोहता येत नाही हे विसरून, आणि ओरडलास, "उचल! उचल! त्याने बोट पाहिली!"

"पाहू दे!" मी ओरडले.

टोक पाण्यात. पहिला आठ. तो वळला, माझ्या लुअरबरोबर नाही, त्याच्या मनाने. दिसेनासा झाला. तू म्हणालास, "गेला." अगदी हळू म्हणालास, मागच्या वर्षीच्या दारातल्यासारखं. मी थांबले नाही. दुसरा आठ, रुंद. खांदा दुखत होता. पाण्यात फक्त माझी काठी आणि तुझं प्रतिबिंब. तू म्हणालास, "अगं गेला तो, पुरे आता," आणि मी म्हटलं, "तो गेलाय हे तुला कोणी सांगितलं?" तिसऱ्या आठाच्या बाहेरच्या वळणावर बोटीच्या खालून पांढरं तोंड वर आलं.

पुढचं तुलाही आठवतं. माझा अंगठा भाजला. तू जाळं उलटं धरलंस. मग सुलटं धरलंस. तो जाळ्यात आल्यावर तू त्याच्याकडे बघत होतास तसा तू रुचा झाली तेव्हा बघत होतास, काय करावं न कळून. अडतीस इंच. लुअरच्या काळ्या केसांत त्याच्या दातांच्या खुणा.

मी पकडीने गळ काढला आणि म्हटलं, "शेपटीशी धर. सोडायचाय."

"सोडायचाय? इतकं करून?"

"इतकं करूनच."

तू बोटीच्या कडेला ओणवा झालास, बाह्या भिजल्या, घड्याळ भिजलं. एक हात शेपटीशी, एक पोटाखाली. तो दमला होता, कलत होता. तू विचारलंस, "किती वेळ धरायचं?"

"त्याला जावंसं वाटेपर्यंत."

किती वेळ धरलास तू! तुझी पाठ धरली असणार. मी मागून तुझ्या जॅकेटचा पट्टा पकडून ठेवला होता, ते तुला कळलं का माहीत नाही. मग शेपटीने एक फटका मारून तो गेला आणि तुझ्या चेहऱ्यावर पाणी उडालं. तू पुसलं नाहीस.

घरी आल्यावर तू पुन्हा दारात उभा राहिलास. स्वयंपाकघरातल्या घड्याळाप्रमाणे एक तास दहा मिनिटं. बाणेरच्या फ्लॅटमध्ये तू दिवाणखान्यातच झोपतोस, बेडरूम बंद ठेवतोस, हे तू मला दारात सांगितलंस. पोस्ट घेण्याआधी मला विचारायला हवं होतं, हेही तू दारातच म्हणालास, दरवाज्याच्या बिजागरीकडे बघत. मी ऐकलं. बिजागरीनेही ऐकलं असेल. मग तू फोल्डर काखेत घेऊन गेलास, कोरा.

आता माझं म्हणणं, नंबर न घालता. मी पुण्याला कायमची येणार नाही. माझी लॅब इथे आहे, माझा शनिवार इथे आहे. सही करणार नाही. तू परत येशील असंही धरून चालत नाही. पण मार्जने सांगितलंय, मासा गेलाय अशी खात्री होईपर्यंत काठी वर घ्यायची नाही, आणि मला अजून खात्री नाही. सोमवारी लॅबमध्ये कोणीतरी विचारलं तेव्हा मी प्रोजेक्ट म्हटलं नाही. म्हटलं, नवरा पुण्यात राहतो, मी इथे राहते. आकाश कोसळलं नाही.

एक गोष्ट राहिली. काल डबा उघडला तर काळं लुअर जागेवर नाही. बोटीत बघितलं, व्हॅनमध्ये बघितलं, मार्जला विचारलं. शेवटी गुरुदत्तला फोन केला. तो म्हणाला, तू निघायच्या दिवशी दीपाकडून एक जुना मोजा मागून घेतलास आणि त्यात काहीतरी टोचणारं गुंडाळून चेक-इन बॅगेत टाकलंस.

बाणेरमध्ये मस्की नाहीत, देवदत्त.

मला ते परत हवंय. त्याच्यावर माझ्या माशाचे दात आहेत. पोस्टाने पाठवू नकोस, गळ पाकिटातून बाहेर येतात.

अहिल्या